गावात ओपन जिमसाठी जागा आणि साहित्य कसं ठरवावं? (यवतमाळ जिल्हा, ग्रामपंचायतीचं काम)

आधी सावली पाहा, कॅटलॉग नंतर. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. उघड्यावरचा लोखंडी दांडा सकाळी नऊ-दहालाच हातात धरवत नाही. कडुनिंबाखालची जागा मिळत असेल तर तीच घ्या.

खरी गोम खांबांच्या पायाभरणीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फूटभर खड्ड्यात सिमेंट ओतून उभा केलेला खांब हळूहळू कलतोच. मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खोल असेल तर खड्डा रुंद घ्या, काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून ठोका आणि मगच काँक्रीट. कंत्राटदार कुरकुरेल, म्हणून हे अंदाजपत्रकातच लिहून टाका.

दहा-बारा यंत्रांच्या सेटला भुलू नका. एअर वॉकरवर (उभं राहून पाय पुढं-मागं हलवायचं यंत्र) चार-चार लेकरं झोका समजून लटकतात, बेअरिंग जातं, आणि मग ते तसंच पडून राहतं. पुल-अप बार (दोन-तीन उंचीचे) आणि पॅरलल बार (दोन समांतर दांडे) यांत हलणारं काहीच नाही. अग्निवीर भरतीत पुल-अप असतात, त्यामुळं तयारी करणारी पोरं रोज येतील. म्हाताऱ्यांसाठी एक-दोन यंत्रं पुरेत.

आणि पानठेल्यासमोर तर अजिबात बसवू नका, एकही बाई फिरकणार नाही. ग्रामसभेत ठराव घेण्याआधी बचतगटाच्या बायांनाच जागा विचारा. ग्रीस, नट-बोल्टची जबाबदारी निविदेत टाकायला विसरू नका.