मंदीत रेट किती पाडायचा?

प्रश्न : आमची कंपनी ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या कामाला, सप्लाय जहाजं चालवते, मी टेंडरचं काम बघतो. दोन जहाजं सहा महिने बंदरात उभी आहेत. आता तीन वर्षांचं एक टेंडर आलंय आणि साहेब म्हणतात तोटा झाला तरी चालेल पण हे काम सोडायचं नाही. मला पटत नाहीये. काय सांगू त्यांना?

उत्तर : साहेबांचं अगदीच चूक नाहीये बरं का. जहाज नुसतं उभं असलं तरी इन्शुरन्स, थोडाफार क्रू, मेंटेनन्स सुरूच असतो, पूर्ण बंद ठेवलं तर परत सुरू करायला मोठा खर्च आणि चांगली माणसं तोवर दुसरीकडे गेलेली. त्यामुळे रोजचा चालवायचा खर्च निघत असेल तर कर्जाचा हप्ता पूर्ण निघाला नाही तरी काम घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तीन वर्षं? तिथे अडा. जून 2014 मध्ये ब्रेंट, म्हणजे कच्चं तेल, पिंपाला 115 डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी 2016 मध्ये 30 च्या खाली आलं, आणि खोल समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या ड्रिलशिपचा दिवसाचा रेट 6 लाख डॉलरवरून 2 लाखांच्याही खाली गेला. पण 2023 मध्ये तोच रेट परत 4 लाखांच्या वर होता. म्हणजे मंदीतला रेट लांबच्या मुदतीला बांधून घेतला की तेजी आल्यावर शेजारचं जहाज कमावतं आणि तुमचं जुन्याच भावात राबतं.

आणि रेटपेक्षा अटी जास्त मारतात. मी असताना आम्ही एक काम असंच घासून घेतलं, वेदर स्टँडबायचा, म्हणजे खराब हवेमुळे काम थांबलेल्या दिवसांचा, रेट शून्य मान्य करून. मग अकरा दिवस लाटा अडीच मीटरच्या खाली येईनात, क्रेनचा हूक बांधलेला, सगळा क्रू डेकवरून आभाळाकडे बघत बसलेला, डिझेल जळतंय, पगार चालू, आणि बिलात एक पैसा नाही. त्या अकरा दिवसांत अख्ख्या कामाचं मार्जिन गेलं, अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

तेव्हा साहेबांसमोर दोन आकडे ठेवा, उभ्या जहाजाचा रोजचा खर्च आणि चालत्या जहाजाचा. मग सांगा की रेट पाडू, पण पक्की मुदत एकच वर्ष, पुढची दोन वर्षं ऑप्शनमध्ये, म्हणजे क्लायंटला हवी असतील तरच, आणि ती वाढीव रेटने, डिझेल क्लायंटचं, स्टँडबायचा रेट लिहूनच घ्यायचा. क्लायंट मुदतीवर अडला तर थोडं वाकता येईल. स्टँडबायवर मात्र नको.