हर्डी-गर्डी: नवशिक्याने किट घ्यावं की कारागिराने बनवलेलं वाद्य?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, पाच वर्षं व्हायोलिन शिकते. आता तिला हर्डी-गर्डी हवी आहे. किट साठ-सत्तर हजारांत घरपोच पडेल असं दिसतं, युरोपातल्या कारागिराचं तयार वाद्य मात्र दोन-अडीच लाखांच्या पुढे जातं. तिच्या बाबांना सुतारकामाची हौस आहे. मग किटच का घेऊ नये?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : मुलीला वाजवायला शिकायचं असेल तर कारागिराचं वाद्य घ्या. बजेटात बसत नसेल तर कारागिराने तपासून, लावून दिलेलं जुनं वाद्य शोधा. बाबांच्या हौसेबद्दल शंका नाही. अडचण वेगळीच आहे.

या वाद्यात गजाऐवजी राळ लावलेलं लाकडी चाक असतं. उजव्या हाताने हँडल फिरवलं की चाक तारांना घासतं. डाव्या हाताने पट्ट्या दाबल्या की त्यांवरच्या छोट्या उभ्या खुंट्या, म्हणजे टॅन्जंट, बाजाच्या तारांना टेकून सूर काढतात. शेजारी ड्रोनच्या तारा अखंड चालू असतात. आवाज बिघडण्याची मुख्य कारणं चार : चाक गोल नसणं, चाक घासतं तिथे तारेवर गुंडाळलेला कापूस, राळ आणि तारेचा चाकावरचा दाब. पण चारही कारणांनी तार किंचाळू शकते. व्हायोलिनच्या क्लासात सूर फाटला तर गुरुजी तेच व्हायोलिन हातात घेऊन वाजवतात, आणि दोष हाताचा की वाद्याचा ते मिनिटात कळतं. बडोद्यात हर्डी-गर्डी हातात घेऊन असं सांगणारं कोणी सहज मिळणार नाही. नवं किट, नवा हात आणि चारही गोष्टी एकाच वेळी अर्धवट लागलेल्या : मुलगी महिनोन्‌महिने स्वतःलाच दोष देत बसेल. कारागिराने लावून दिलेल्या वाद्यात निदान चांगला आवाज कसा असतो हे कानाला आधी कळतं. पुढे बिघडलं की तिथवर परत कसं यायचं ते शिकता येतं.

किट घ्यायचंच ठरवलं तर सगळं लक्ष चाकावर ठेवा. पेटी जोडणं बाबांना जमेल. पट्ट्यांची चौकट लेझरने कापलेली असेल तर तीही जमेल. पण चाक, आस आणि बेअरिंग हे तिन्ही कारखान्यातून एकत्र बसवून, फिरवून तपासलेलं येत नसेल तर ते किट सोडून द्या. चाकाच्या कडेचा आउट (गोलाईतली चूक) ०.१ मिमीच्या आत हवा, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहून कमी. चाक डावी-उजवीकडे किंचित डुललं तर चालून जातं; वर-खाली डुललं की प्रत्येक फेऱ्यात आवाज फुगतो आणि बसतो. लाखेच्या लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या संखेड्याच्या खराद्याकडून चाक करून घ्यावं असं बडोदेकराच्या मनात येणारच. त्यांचा हात उत्तम आहे, पण चाक वेगळं खरादून मग आसेवर चढवलं की पुन्हा आउट येतो. ते त्याच्याच आसेवर, त्याच्याच बेअरिंगमध्ये फिरवत सरळ करावं लागतं. आणि कडेला लाखेचा हात चुकूनही लागता कामा नये, कारण त्या गुळगुळीत थरावर राळ धरत नाही.

किटांमध्ये नेदरलँड्सचं नर्डी गर्डी आम्हाला विचार करण्याजोगं वाटतं. लेझरने कापलेलं प्लायवुड आणि थ्री-डी प्रिंटरवरचे भाग असल्यामुळे मापं नेमकी येतात, आणि प्लायवुड आपल्याकडच्या पावसाळ्यात भरीव लाकडापेक्षा कमी फुगतं. लाकडी कोड्यासारखी जोडायची जी स्वस्त मॉडेलं मिळतात ती शोकेससाठी ठीक. त्यांवर शिकता येत नाही. ऑनलाइन बाजारातली कोरीवकाम केलेली, कारागिराचा पत्ता नसलेली ‘तयार’ वाद्यंही टाळा. त्यांत किटचे सगळे दोष असतात आणि जोडणीच्या सूचनाही नसतात.

कारागिराला ऑर्डर देताना बाजाच्या तारांची लांबी विचारा (साधारण ३४-३५ सेंमी असते), पट्ट्या २३-२४ आहेत का ते पाहा, आणि सूर G/C पद्धतीचे, म्हणजे षड्ज G किंवा C वर धरता येणारे मागा, कारण शिकण्याचं बरंचसं साहित्य त्यातच मिळतं. चाक लावतानाचा व्हिडिओ आणि तारांचा एक जादा संच मागून घ्या. लाकडांची शास्त्रीय नावं बिलावर लिहून हवीत. शिसवाच्या वर्गातल्या लाकडांवर साइटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, मात्र ब्राझिलियन रोझवूडला ती नाही. वाद्य कस्टम्सच्या ९२व्या प्रकरणात येतं. ड्युटी आणि आयजीएसटीचा हिशोब पैसे पाठवण्याआधी करा. प्रतीक्षायादी काही महिन्यांची, नावाजलेल्या हातांची वर्षांचीही असते. तेवढ्यात वाद्यासाठी हवाबंद केस आणि आर्द्रता मोजणारा एक हायग्रोमीटर घेऊन ठेवा.

वाद्य आल्यावर पहिले काही आठवडे एकच ड्रोन चालू ठेवून फक्त चाक एकसारखं फिरवायला शिकावं. स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथीड्रलमधल्या ११८८च्या दगडी कमानीवर या वाद्याचा पूर्वज कोरलेला आहे. तिथे तो दोघांच्या मांडीवर आहे : एक चाक फिरवतो, दुसरा सूर धरतो. दोन्ही कामं एका माणसाकडे आली तरी शिकताना ती वेगळी ठेवलेली बरी. फिरवण्याच्या झटक्याने गुणगुणणारी तार, तिला ट्रॉम्पेट म्हणतात, सुरुवातीला चाकावरून उचलून ठेवा. तिची छोटी घोडी एका पायावर तबलीला, म्हणजे पेटीच्या वरच्या पातळ फळीला, टेकलेली असते. झटका बसला की तो पाय तबलीवर थरथरतो. हात स्थिर नसेल तर ती नको तिथे वाजत राहते, आणि तिचा ताण सैल-घट्ट करण्यात सगळा वेळ जातो.

प्रश्न : दिवाळीनंतर किट जोडलं. उन्हाळ्यापर्यंत खालचे सूर बरे होते, वरच्या सप्तकात मात्र तार किंचाळते. प्रत्येक फेऱ्यात आवाज एकदा वर जातो. आता पावसाळ्यात चार-पाच पट्ट्या परत खाली पडत नाहीत. पॉलिशपेपरने घासू का?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : पट्ट्या आत्ता घासू नका. जुलैत घासलेली पट्टी जानेवारीत खडखडते, आणि घासलेलं लाकूड परत येत नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंना मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. वाद्य केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवर आणा आणि आठवडाभर थांबा. एवढं करूनही अडकलीच तर खाच मोठी करू नका. पट्टीच्या ज्या जागी चमक दिसते तेवढ्याच जागी ४०० नंबरचा कागद दोनदा फिरवा. पट्ट्यांना स्प्रिंग नसते, त्या वजनाने पडतात. म्हणून बसताना वाद्य पुढे कलतं धरलंय ना, पट्टा कमरेला घट्ट आहे ना, हेही पाहा.

फेऱ्यागणिक वर जाणाऱ्या आवाजाची दोन कारणं असू शकतात. आधी सगळ्या तारा चाकावरून उचला, कड कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि राळ नव्याने लावा. व्हायोलिनची वडी फिरत्या चाकाला हलकी टेकवून दोन-तीन फेरे पुरेत. आवाज गेला तर राळेचा गठ्ठा जमला होता. त्याच जागी परत आला तर चाकाला आउट आहे. पेन्सिल पक्क्या आधारावर अशी बांधा की टोक कडेला जेमतेम टेकेल, आणि चाक सावकाश फिरवा. रेघ जिथे उमटली तो उंचवटा. सपाट लाकडी ठोकळ्याला ३२० नंबरचा कागद चिकटवून, ठोकळा भक्कम टेकू देऊन, चाक हँडलनेच फिरवत तेवढाच भाग उतरवा. तबलीवर आधी कागद पसरा. रेघ पूर्ण वर्तुळभर उमटू लागली की थांबा. यानंतर कडेला बोट लावू नका. बोटाचं तेल बसलेल्या जागी तार घसरते आणि बारीक शिट्टी वाजते.

वरच्या सप्तकातलं किंचाळणं बहुधा कापसामुळे, नाहीतर दाबामुळे. कापूस आधी बदला, कारण ते फुकट आहे. औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा कापूस आखूड तंतूंचा असतो, त्याच्या लगेच गाठी होतात. पिंजाऱ्याकडून लांब धाग्याचा, न धुतलेला कापूस आणा. गुजरातच्या शंकर-६ या कापसाच्या वाणाचा धागा २८ मिमीच्या आसपास भरतो आणि छान चालतो. वस्त्रमाळेला कापूस ओढतात तसा तो चिमटीतून पारदर्शक होईपर्यंत लांबवा. टोक तारेवर, चाकाजवळ धरा आणि चाक सावकाश फिरवून त्यालाच ओढू द्या. गुंडाळी चाकाच्या दिशेनेच हवी, म्हणजे वाजवताना ती आवळत जाते; उलट गुंडाळली की पाच मिनिटांत सुटते. बाजाच्या तारांवर इतका पातळ हवा की खालची तार दिसावी. ड्रोनवर थोडा जास्त. कापूस जास्त झाला की आवाज दबका आणि उशिरा येणारा, कमी झाला की खरखरीत.

तरीही किंचाळत असेल तर दाब जास्त आहे. घोडीच्या खाचेतून तार उचला आणि खाली झेरॉक्सच्या कागदाचा तांदळाएवढा तुकडा ठेवा. ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तेवढी तार चाकापासून वर येते. एका वेळी एकच तुकडा, मग सगळे सूर वाजवून पाहा. आवाज पोकळ, कुजबुजल्यासारखा झाला तर तुकडा काढून त्याजागी सिगारेटचा पातळ कागद घाला. दोन्ही बाजाच्या तारा एकत्र लावू नका. एक उचलून ठेवा, दुसरी पूर्ण लागली की मग पहिली. कापूस, राळ आणि कागद एकाच दिवशी बदलले तर कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

प्रश्न : यावर राग वाजवता येतील का? षड्ज कुठे धरायचा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मींड येणार नाही. पट्टी जास्त दाबून सूर थोडा वर ढकलता येतो, आंदोलनाचा भास होतो, त्यापलीकडे नाही. म्हणून दरबारीसारख्या रागाचा हट्ट धरू नका. भूप, दुर्गा, सारंग आणि धुना छान वाजतात, आणि अखंड षड्ज-पंचम तर वाद्यातच आहे.

G पद्धतीत बाजाची मोकळी तार म्हणजे षड्ज, पांढरी ५. ड्रोन G वर आणि ट्रॉम्पेट D वर, म्हणजे पंचमावर लावा. C पद्धतीत षड्ज पांढरी १, आणि मोकळी तार पंचम होते.

हार्मोनियमला जे जमत नाही ते इथे जमतं : प्रत्येक टॅन्जंट किंचित फिरवून तो सूर वेगळा लावता येतो. षड्ज ट्यूनरवर बरोबर लावला की शुद्ध गंधार ट्यूनरच्या सुराहून १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली आणि कोमल गंधार १६ सेंट वर ठेवा, ड्रोनशी लगेच मिळतील. दोन्ही बाजाच्या तारांचे टॅन्जंट वेगवेगळे असतात, दोन्ही फिरवायचे. पांढरी ६ मात्र G पद्धतीत रिषभ आहे, ४ सेंट वर. C पद्धतीत तीच धैवत होते आणि १६ सेंट खाली हवी. वीसेक सेंटचा हा फरक ड्रोनसमोर लपत नाही, तेव्हा एक षड्ज ठरवून टॅन्जंट त्यालाच लावा. मोकळ्या तारेवर षड्ज मिळतो म्हणून आमचं मत G ला.