नागपुरात शहरी पक्षी, फुलपाखरं, झाडं यांचे फोटो कुठे आणि कधी काढावेत?

तुम्ही विचारलंय की अलिबागला ओहोटीची वेळ बघून खेकडे, बगळे, कांदळवन टिपायची सवय होती. आता नोकरीसाठी नागपूरला आलात, जवळ मोबाईल आणि साधा झूम कॅमेरा आहे, तर इथे शहरात काय टिपायचं?

माझं सरळ उत्तर: पक्ष्यांमागे फिरू नका, एखादं झाड धरा. किनाऱ्यावर ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि तुमचं वेळापत्रक ठरवते. नागपुरात ते काम फुलं आणि फळं करतात. खरं तर तुमच्याकडेही करतातच. २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झालेली पांढरी चिप्पी रात्री फुलते, तेव्हा तिच्यावर पतंग आणि वटवाघळं येतात.

इथली सुरुवात पळसापासून करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाड्याच्या बाजूला फुललेला पळस शोधा. पानं झडलेली असल्यानं फांद्या मोकळ्या मिळतात. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, खारी, सगळ्यांची मधासाठी झुंबड असते. विणीच्या रंगातला शिंजीर नर सावलीत नुसता काळा दिसतो, सूर्य तुमच्या पाठीशी असला तरच त्याचा निळा-जांभळा रंग झळकतो. म्हणून सकाळी झाडाच्या पूर्वेला उभे राहा.

वड, पिंपळ, उंबर पिकले की तांबट, कोकिळा, राखी धनेश आणि हरियल येतात. हरियल आपला राज्यपक्षी, पण पानांत असला की समोर असूनही दिसत नाही. थंडीत मात्र सकाळी थवाच्या थवा शेंड्यावर ऊन खात बसतो. तेवढा अर्धा-पाऊण तास सोडू नका.

मला स्वतःला सगळ्यात जास्त जीव लावते ती रुई. रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या कडेला, कुठेही उगवते, आणि लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिची पानं हळूच उलटून बघा. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर ती केशरी फुलपाखराची. अगदी लहान असताना ती पानात आधी गोल खाच पाडते, चीक वाहून जाऊ देते, आणि मग त्या गोलातला भाग खाते. ती खाच, तिच्या कडेला साचलेला पांढरा थेंब आणि मधोमध अळी, असा फोटो जमला तर बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. इथे झूमपेक्षा मोबाईल बरा. फक्त चिकाचा हात डोळ्याला लावू नका, डोळ्याला इजा होते.

पावसाळ्यात हाच खेळ टाकळ्यावर चालतो, पिवळी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात.

वेडा राघू टिपायचा तर तो बसतो ती तार किंवा काडी हेरून ठेवा. माशी पकडून तो बहुतेक वेळा तिथेच परततो, आणि मधमाशी असेल तर काडीवर आपटून तिचा डंख काढतो. फोकस आधीच काडीवर लावा आणि शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा.

उजेडाचं गणित किनाऱ्यावरचंच. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं उतरवा, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा डाग येतो. उजळ आकाशासमोर बसलेल्या काळ्या कोतवाल पक्ष्यासाठी चढवा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. ऊन चढलं की तलावावरची हवा थरथरते आणि लांबचा फोटो कितीही चांगल्या लेन्सनं काढला तरी धूसरच येतो. तेव्हा उजाडताच पोहोचा, ऊन तापायच्या आत घरी या.

धनेशाच्या बाबतीत मी कडक आहे. उन्हाळ्यात मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बारीक फटीतून तिला फळं भरवतो. फांदीवरचा धनेश हवा तितका टिपा, पण ढोलीसमोर उभे राहू नका. माणूस दिसला की नर यायला कचरतो आणि आत मादी, पिल्लं उपाशी राहतात. ढोली सापडलीच तर फोटोसोबत जागा कुठेही टाकू नका, मोबाईलचं लोकेशनही बंद ठेवा.