एक्स-रे स्वच्छ, तरी धाप का लागते?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 62 आहे. तीस वर्षांचे धूम्रपान आता दिवसाला दोन-तीन सिगारेटींवर आले आहे. दोन वर्षांपासून सकाळी खोकला आणि बेडके पडतात आणि हल्ली एक जिना चढला तरी धाप लागते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. एका डॉक्टरांनी दमा सांगितला, दुसऱ्यांनी सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार). पंपाची सवय लागेल या भीतीने ते तो क्वचितच घेतात, आणि घेतला तरी फरक पडत नाही. काय समजावे?

उत्तर : स्वच्छ एक्स-रेवरून सीओपीडी नाही असे म्हणता येत नाही, त्यात फुप्फुसांची छाया दिसते, श्वासनलिका किती अरुंद झाल्या आहेत ते कळत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री करावी लागते. छाती भरून श्वास घेऊन तो नळीत जोराने, शक्यतो सहा सेकंद सोडायचा असतो. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर अडथळा कायमचा आहे असे मानतात. दम्यात हा अडथळा कमी-जास्त होत राहतो आणि बऱ्या दिवशी चाचणी अगदी सामान्यही येऊ शकते. म्हणून केवळ तपासून दिलेल्या दोन मतांत निवड करत बसण्यापेक्षा आधी ही चाचणी करून घ्या. काही रुग्णांत दोन्ही आजार एकत्र असतात, हेही खरे.

फरक अशासाठी महत्त्वाचा, की दम्यात श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड हा उपचाराचा पाया असतो, तर सीओपीडीत दीर्घकाळ टिकणारी, श्वासनलिका रुंदावणारी औषधे मुख्य असतात आणि स्टिरॉइड निवडक रुग्णांनाच दिले जाते.

पंपाची सवय लागत नाही. तो उपयोगी पडत नसेल, तर माझा पहिला संशय औषधावर नव्हे, घेण्याच्या पद्धतीवर जातो. फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, संथपणे आत घेऊ लागतानाच दाबायचा आणि मग दहा सेकंद श्वास रोखायचा. कोरड्या पावडरचा पंप मात्र जोरात ओढावा लागतो. बरेच जण नेमके उलटे करतात आणि औषध घशातच बसते. फवाऱ्यासोबत स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरल्यास हे बरेच सोपे जाते. स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरावी. शिवाय रोजचा पंप आणि तातडीचा पंप वेगळे असतात. वडिलांकडे कोणता आहे ते विचारून घ्या.

उरलेल्या दोन-तीन सिगारेटीही सुटायला हव्यात, कारण फुप्फुसांची झीज मंदावण्याचा तोच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा गुंगी येत असेल, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. एरवी पुढच्या भेटीला पंप सोबत न्या आणि वडिलांना तो डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा.