मामाजी दिवसभर पेटी घेऊन बसतात

घरातला कर्ता माणूस एकटा, गप्प बसायला लागला की आपल्या विदर्भात घरच्यांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. दारव्हा तालुक्यातली एक सून त्याच भीतीने सासऱ्यांना माझ्याकडे घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

"मॅडम, मामाजी दुपारभर ओसरीत पेटी घेऊन बसतात. लेकरांचा खेळ हा! नातवानं उघडायचा व्हिडिओ दाखवला तं त्याच्यावरच खेकसले. डोक्यात काही फरक तं नाही ना पडला?"

पेटी पिशवीतच होती. पुण्याच्या मुलाने दिलेली, जपानमधल्या हाकोनेची चोरपेटी. तिकडे तिला हिमित्सुबाको म्हणतात. रंगीत लाकडांच्या पातळ कापांची नक्षी इतकी दाट की सांधा दिसत नाही. कडी नाही, कुलूप नाही. मी झाकण ओढून पाहिलं, ढिम्म. मामाजींनी अंगठ्याने बाजूची फळी नखभर सरकवली, तेव्हा कुठे लगतची पट्टी खाली उतरली. मग पहिली आणखी थोडी. क्रम चुकला की सगळं घट्ट. काही पेट्या चार चालींत उघडतात, काहींना पन्नासच्या वर लागतात. ही दहाची होती. सहावीपुढे गाडी अडली होती.

सुनेला बाहेर बसवलं आणि लोक जे विचारायला घाबरतात तेच आधी विचारलं: जीव नकोसा होतो का? थेट विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आधीपासून असेल तर बोलून मोकळं होता येतं. मामाजी हसले. झोप, जेवण ठीक होतं, तुरीची फवारणी झाली होती, पारावरचं बसणं सुटलं नव्हतं.

"कपाशीचं सारं टायमावर करा, तरी बोंडअळी येते. त्यातून वाचली तं भाव पडते. हे अडलं तं चूक आपलीच हाय, अन् पुन्हा पहिल्यापासून करता येते."

मोठ्या माणसांना या पेट्या का धरून ठेवतात, ते यात आलं. निकाल आपल्या हातात, चुकीला दंड नाही, आणि बोटं लाकडात गुंतली की मन फारसं भरकटत नाही. व्हिडिओ बघणं म्हणजे दुसऱ्याने जेवून आपल्याला ढेकर ऐकवणं, खेकसणारच. लेकरांच्या खेळाचं म्हणाल, तर हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये आपला रंगीत घन (रुबिक क्यूब) बनवला तेव्हा ते वास्तुकलेचे शिक्षक होते, आणि तो जुळवायला त्यांनाच सुमारे महिना लागला.

सुनेने विचारलं, पेटी लपवून ठेवू का? मुळीच नको. "उघडली का?" असंही रोज विचारू नका, "दाखवा बरं कुठवर आली" म्हणा. झोप उडाली, जेवण सुटलं, शेताकडे पाठ फिरली, किंवा आवडती पेटीही हातात घ्यावीशी वाटेनाशी झाली, तर मात्र थांबू नका, लगेच घेऊन या. रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.