कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा सोहळा, वर्षातून दोनदाच का? सातवीतल्या मुलाला कसं समजावू?

त्याला आधी गच्चीवर न्या. सूर्य रोज नेमक्या पश्चिमेला मावळतो हा आपला समज खरा नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्या कलत्या अवस्थेतच ती सूर्याभोवती फिरते, म्हणून मावळतीची जागा वर्षभर सरकत राहते: उन्हाळ्यात पश्चिमेच्या उजवीकडे, हिवाळ्यात डावीकडे.

आता मंदिर. ते पश्चिमाभिमुख आहे. मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरायला सूर्य क्षितिजावर एका ठरावीक जागीच हवा. दक्षिणेकडे जाताना तो तिथे ९ ते ११ नोव्हेंबरला येतो. २१-२२ डिसेंबरला दक्षिण टोक गाठून मागे वळतो आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला पुन्हा त्याच जागी येतो. दिवस मोजायला लावा: १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून ३१ जानेवारीपर्यंतही ४१! हा हिशोब मुलाने स्वतः केला की डोळे चमकतात, मी पाहिलंय.

ढग किंवा धुकं असलं तर किरण पोहोचत नाहीत, तेही सांगा. आणि दर रविवारी गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून मावळतीची खूण वहीत काढायला लावा. मात्र सूर्य क्षितिजाआड गेल्यावरच. थेट सूर्याकडे बघू देऊ नका.