ओल्ड सान हुआन: गाडी नको, आणि सान क्रिस्तोबालला जास्त वेळ द्या

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीहून आई-बाबा आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन पोर्तो रिकोला तीन रात्रींसाठी जाताय. सोल रस्त्यावरचं गेस्टहाउस बुक झालंय, आईंचे गुडघे दुखतात. चालत काय काय पाहून होईल आणि गाडी घ्यावी का, असं विचारलंय.

आधी गाडीचं. घेऊ नका. ओल्ड सान हुआन, म्हणजे राजधानीचं जुनं शहर, एका चिंचोळ्या बेटाच्या टोकावर वसलंय, रमतगमत गेलात तरी अर्ध्या तासात आरपार होतं. रस्ते अरुंद आहेत, पार्किंग शोधण्यातच निम्मा दिवस जाईल. विमानतळावरून सरळ टॅक्सी करा. एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांचा नेहमीचा प्रश्न न विचारताही सांगून टाकतो: पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग, त्यामुळे मध्ये परदेशात न उतरता गेलात तर पासपोर्टवर नव्याने व्हिसाचं स्टॅम्पिंग करून घ्यायची भानगड नाही. तरी सगळ्यांचे पासपोर्ट आणि तुमचा आय-७९७ (व्हिसाच्या मंजुरीचा कागद) जवळ असू द्या, परतताना विमानतळावर विचारू शकतात.

शहराची उत्तरेची, समुद्राकडची बाजू उंच आहे आणि दक्षिणेला बंदराकडे उतार. सोल रस्ता वरच्या अंगाला आहे, म्हणजे किल्ले जवळ. बंदराकडे उतरताना काही वाटत नाही, येताना चढ लागतो. तेवढ्यापुरती आईंसाठी टॅक्सी बोलवा.

आता किल्ले, एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल, दोन्ही स्पॅनिश राजवटीतले. बहुतेक लोक एल मोरोला अर्धा दिवस देतात आणि सान क्रिस्तोबाल तासाभरात उरकतात. माझ्या मते हे उलटं करायला हवं. मोरो देखणा आहे यात वादच नाही. १५३९ मध्ये बांधकाम सुरू झालं, सहा पातळ्या, समुद्रापासून साधारण १४५ फूट उंच. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक इथूनच हात हलवत परत गेला. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धातल्या अमेरिकन आरमाराच्या तोफगोळ्याचा तुकडा अजून भिंतीत रुतलेला दाखवतात. पण किल्ल्यापुढचं मैदान मोठं आहे आणि सावली औषधालाही नाही. खालच्या पातळ्यांना जायला उतार आणि जिने आहेत. आईंना वरच्या चौकात निवांत बसवा, नातवाला घेऊन आजोबा खाली जातील. संध्याकाळी मात्र सगळे मैदानावर या. वारा भन्नाट असतो, लोक पतंग उडवतात, पोराला तिथून हलवणं कठीण जाईल.

सान क्रिस्तोबाल का, तर तो मोरोच्या उणिवेतून जन्माला आलाय. मोरोच्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या. १५९८ मध्ये इंग्रजांचा अर्ल ऑफ कंबरलंड पूर्वेकडे उतरला, जमिनीवरून आला आणि शहर घेतलं. पुढे हगवणीच्या साथीनेच त्याला बाहेर काढलं म्हणायचं. १६२५ मध्ये डच आले आणि जाताना शहर जाळून गेले. तेव्हा जमिनीची बाजू बंद करणं भाग पडलं. १६३४ मध्ये सुरुवात झाली, खरं मोठं काम १७६५ नंतरचं, स्पेनच्या चाकरीतल्या दोन आयरिश माणसांच्या देखरेखीखाली. १७९७ मध्ये इंग्रज सेनापती ॲबरक्रॉम्बी फौज घेऊन आला तो पूर्वेकडच्या याच संरक्षणफळीशी अडखळून परत गेला.

आपल्याकडच्या गडप्रेमींना इथे फार मजा येते. वसईचा किल्ला पाहिला असेल तर कोनाकृती बुरुज लगेच ओळखीचे वाटतील. खंदक, त्यामागे तट, त्यामागे आणखी उंच तट. शत्रूने पुढचा घेतला तरी मागच्याच्या माऱ्यात तो उघडाच. चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारी पाच मोठी टाकी आहेत. भुयारं उन्हाच्या वेळी गारेगार असतात, म्हणून दुपार इथेच काढा. एका कोठडीच्या भिंतीवर जुन्या जहाजांची चित्रं आहेत. शिडं, डोलकाठ्या, दोर इतके नेमके की काढणारा जहाजावरचाच असणार. अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबा, घाईने बघणाऱ्याला नुसती कळकट भिंत दिसते.

दोन्ही किल्ल्यांना मिळून एकच तिकीट, मोठ्यांना १० डॉलर, २४ तास चालतं. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तोच दाखवा, पासधारकाबरोबर आणखी तीन मोठे जातात. वेळ साधारण साडेनऊ ते साडेचार, पण निघण्याआधी एकदा साइट बघून घ्या.

बाकीचं जाता-येता होतं. कॅथेड्रलमध्ये पोर्तो रिकोचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर पोन्से दे लेओन याची संगमरवरी कबर आहे. तिथून उतरत गेलं की लाल रंगाचा सान हुआन दरवाजा. जुन्या वेशींपैकी ज्यातून अजून आरपार जाता येतं अशी ही एकच. बाहेर तटाखालून समुद्राकाठची पायवाट आहे, सपाट आणि मांजरांसाठी प्रसिद्ध. मुलं खूश. जवळच ‘ला रोगातिवा’ शिल्प. १७९७ च्या वेढ्यात मशाली घेतलेल्या बायकांची मिरवणूक पाहून इंग्रजांना कुमक आली असं वाटलं, ही दंतकथा त्यामागे आहे. फोर्तालेसा रस्ता फोटोपुरता ठीक.

रस्त्यांवरच्या निळसर विटा लोखंडाच्या मळीच्या आहेत. पावसाची सर आली की त्यांचा निळा रंग खुलतो आणि त्या भयंकर निसरड्याही होतात. आईंना चपला नकोत, चांगले पकडीचे बूट द्या.

खाण्यात मोफोंगो म्हणजे कच्ची केळी तळून लसणाबरोबर कुटलेला गोळा. त्यात बहुधा डुकराची तळलेली कातडी असते, राजम्यासारख्या दिसणाऱ्या उसळीतही हॅम निघू शकतो. घरात शाकाहारी कोणी असेल तर ऑर्डर देण्याआधी स्पष्ट विचारा. तोस्तोनेस, म्हणजे दोनदा तळलेली केळी, बिनधास्त मागवा. आणि पिरागुआ सोडू नका: गाडीवरच्या बर्फाच्या लादीवर हत्यार घासून कीस काढतात, कपात त्याचं टोकदार शिखर करतात आणि वर सरबत. चिंचेचं घ्या. आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडी नाही.

गेस्टहाउसवाल्यांना दोन गोष्टी आत्ताच कळवा. जुन्या वाड्यांना बहुधा लिफ्ट नसते, त्यामुळे खालची खोली मागा. आणि ती आतल्या चौकाकडची असू द्या. शेजारच्या सान सेबास्तियान रस्त्यावर बार आहेत, रात्री उशिरापर्यंत गोंगाट चालतो. क्रूझ कुठल्या दिवशी लागतात तेही नेटवर पाहून ठेवा. त्या दिवशी गर्दी होते, म्हणून किल्ले सकाळी उघडताक्षणी गाठा.

परतीच्या विमानाआधी सामानाची शेतीखात्याकडून तपासणी होते. नारळ चालतो, आंबा काढून घेतात, तेव्हा बाबांनी हौसेने घेतलेले आंबे आदल्या रात्रीच संपवा.